थर जुना, डोळा नवा: सीएमएसमधल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, जाड लोखंडातूनही पार जाणारा कण. म्यूऑन शोधक सुधारायचा म्हटलं की डोळ्यांपुढे नवे चेंबर येतात: क्रेनला लटकलेले, बाजूंनी केबलींचे झुबके बाहेर आलेले. एम.एस्सी.च्या वर्गात मी जे प्रकरण घेते त्यात मात्र एकही नवा चेंबर नाही. त्यात प्लॅस्टिकचा एक थर आहे, आणि तो मुळात म्यूऑन पकडायला बांधलेला नव्हता. तो बांधण्यात मुंबईचा मोठा हात होता. तो नीट चालेना म्हणून त्याचा एक भाग बदलला, आणि बदलल्यावर म्यूऑनच्या ट्रिगरला, म्हणजे कुठली टकर नोंदायची हे क्षणात ठरवणाऱ्या यंत्रणेला, त्याच्याकडे काहीतरी मागणं शक्य झालं. किती मागायचं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. मुलं दरवेळी त्याचं उत्तर फार सढळ हाताने देतात.

थर कशासाठी होता

सीएमएस हा सर्नच्या एलएचसीवरचा, म्हणजे प्रोटॉनांची टक्कर घडवणाऱ्या त्वरकावरचा शोधक, फ्रान्समधल्या सेसी गावाखाली सुमारे १०० मीटर खोल बसलेला. वजन सुमारे १४,००० टन, व्यास १५ मीटर. पोटात ६ मीटर आतल्या व्यासाचं अतिवाहक सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं चुंबक, आहे आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र ३.८ टेस्ला. हॅड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे प्रोटॉनसारख्या क्वार्कांच्या कणांना अडवून त्यांची ऊर्जा मोजणारा भाग, सोलेनॉइडच्या आतच बसवायचा असं ठरल्यामुळे जागेची चणचण झाली. प्रोटॉनांच्या बीमला काटकोनात निघालेल्या हॅड्रॉनला त्या कॅलरीमीटरमध्ये सहा अन्योन्यक्रिया-लांबींइतकाही पदार्थ भेटत नाही (एक लांबी म्हणजे हॅड्रॉन एकदा आदळेपर्यंत सरासरी जातो ते अंतर). मोठ्या ऊर्जेच्या जेटचं, म्हणजे एकाच दिशेने निघालेल्या हॅड्रॉनांच्या झोताचं, शेपूट त्यातून मागे निसटतं. ती ऊर्जा मोजली गेली नाही तर हिशेबात तूट दिसते, आणि तूट दिसली की कुठलातरी अदृश्य कण निघून गेला असं वाटतं. नव्या भौतिकीचा खोटा पुरावा असा घरच्या घरी तयार होतो.

हे शेपूट पकडायला सोलेनॉइडच्या बाहेर आणखी एक कॅलरीमीटर ठेवला. नाव बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटर, पण सगळे एचओच म्हणतात. सोलेनॉइडभोवतीच्या लोखंडी आवरणाला योक म्हणतात; त्याच्या पाच चक्रांमध्ये, म्यूऑनच्या पहिल्या चेंबरच्या लगेच अलीकडे तो बसतो. सोलेनॉइडची कॉइलच त्याचा शोषक. मधल्या चक्रात दोन थर आणि त्यांच्यामध्ये सुमारे २० सेंटीमीटर लोखंड, बाकीच्या चार चक्रांत एकेक थर. थराला १२ खंड, खंडाला ६ ट्रे, म्हणजे थरामागे ७२ आणि सहा थरांचे मिळून ४३२ ट्रे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, पुढाकाराने भारतीय गटांनी हे काम उभं केलं. टाइल १० मिलिमीटर जाडीच्या सिंटिलेटरची, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकची, तिच्यात कोरलेल्या खाचा, खाचांत तरंगलांबी बदलणारा फायबर. कण टाइलमधून गेला की निळसर चमक होते, फायबर ती गिळून हिरवा प्रकाश सोडतो आणि तो टोकापर्यंत वाहून नेतो. एका टाइलची रुंदी बीमभोवतीच्या कोनात मोजली तर ०.०८७ रेडियन, म्हणजे ५ अंश. हा आकडा लक्षात ठेवायला सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावर अडतं.

इथे थोडं विषयांतर. टीआयएफआरला म्यूऑन काही नवे नाहीत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर बसवलेल्या शोधकांनी १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंच्या खुणा पाहिल्या, त्या न्यूट्रिनोंनी खडकात तयार केलेल्या म्यूऑनांमधूनच. पुढे फर्मीलॅबच्या डी-झीरो प्रयोगाच्या म्यूऑन यंत्रणेसाठी सिंटिलेटर काउंटर बनवण्यातही इथला गट होता. म्हणून एचओला निव्वळ कॅलरीमीटर म्हणून वेगळं काढणं मला पटत नाही. सिंटिलेटरची कुठलीही टाइल तपासायची तर सगळ्यात स्वस्त साधन वरून फुकट पडतं: समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला सुमारे एक म्यूऑन. टाइलच्या १० मिलिमीटरमध्ये तो साधारण २ एमईव्ही (वीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सोडून जातो. जेटच्या मानाने ही रक्कम चिल्लर आहे, पण मोजपट्टी तीच. टाइल ठीक आहे की नाही याची कसोटी पहिल्यापासून एकच होती: तिला एकटा म्यूऑन दिसतो का?

बिघाड

प्रकाश वाचायला आधी हायब्रिड फोटोडायोड, म्हणजे एचपीडी, बसवले होते. आत येणारा फोटॉन एक इलेक्ट्रॉन सोडवतो, सुमारे ८ किलोव्होल्टच्या विद्युतदाबाने तो सिलिकॉनवर आदळतो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होलची एक जोडी करायला ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ८००० भागिले ३.६, म्हणजे एका इलेक्ट्रॉनचे सुमारे २२०० झाले. एवढीच वाढ. ती मोठी नाही, पण चुंबकीय क्षेत्राची रेषा नळीच्या अक्षाला समांतर असेल तर इलेक्ट्रॉन सरळ जातो आणि एचपीडी भर क्षेत्रातही सुखाने चालतो. सोलेनॉइडच्या आतल्या कॅलरीमीटरला म्हणूनच तो सोयीचा होता.

एचओची जागा वेगळी. तिथे सोलेनॉइडचं मुख्य क्षेत्र नाही, योकमधून सांडणारं काठाचं क्षेत्र आहे, टेस्लाच्या काही शतांशांपासून काही दशांशांपर्यंत. अशा अधल्यामधल्या क्षेत्रात एचपीडीच्या आत विद्युत-स्फुरणं होऊ लागतात. शून्य क्षेत्रात त्रास कमी, भरपूर क्षेत्रात कमी, मधल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. कण आलेला नसताना मोठे संकेत दिसतात. बाहेरच्या चक्रांतल्या नळ्यांचा दाब उतरवावा लागला. दाब उतरवला की स्फुरणं कमी होतात, पण वाढही कमी होते. आधीच चिल्लर असलेला म्यूऑनचा संकेत गोंगाटाच्या आणखी जवळ सरकला.

या टप्प्यावर मी गोष्ट थांबवते आणि वर्गाला विचारते: आता काय करायचं?

पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘मॅडम, नळ्यांभोवती लोखंडाचं शिल्डिंग करा.’ जागा मोजून बघा, म्हणते. शिवाय इतक्या क्षेत्रात पातळ शिल्ड लवकर संपृक्त होतं, आणि जाड शिल्डला तिथे वाव नाही. दुसरं उत्तर: फायबर लांबवा आणि नळ्या शांत जागी न्या. लांब फायबरमध्ये प्रकाश गळतो, आणि आपल्याकडे सांडायला प्रकाश मुळातच नाही. डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलाने एकदा सरळ सांगितलं, की सगळे ट्रे काढून जाड टाइलचे नवे घाला. मग त्याला योकचं चित्र दाखवलं. ट्रे चक्रांच्या आत अडकलेले, पुढे कॉइल, मागे म्यूऑन चेंबर. इमारतीचा पुनर्विकास आणि दुरुस्ती यांतला फरक मुंबईच्या मुलांना समजावावा लागत नाही. भाडेकरू आत असताना इमारत पाडता येत नाही, नळ आणि वायरिंग बदलता येतं. ‘मग वायरिंग बदलू,’ तो म्हणाला. बरोबर.

झालं तेच. एचपीडी काढून सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसवले. एका चिपवर शेकडो-हजारो सूक्ष्म डायोड, प्रत्येक डायोड एका फोटॉनलाही पेटतो. वाढ दोन हजारांच्या घरातून लाखांमध्ये जाते, दाब शंभर व्होल्टच्या आत राहतो, आणि चुंबकीय क्षेत्राशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय फोटॉन पकडण्याची क्षमताही एचपीडीहून सरस. २००९ मध्येच थोड्या भागात ते लावून पाहिले होते. बाकीचे एलएचसीच्या पहिल्या लांब बंद काळात, २०१३-१४ मध्ये बदलले. टाइल त्याच, फायबर तेच, पुढचं वाचन-इलेक्ट्रॉनिक्सही तेच ठेवलं. जुन्या खोक्यात मावेल असाच नवा भाग आखला. सीएमएसमध्ये सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे आले. आतल्या कॅलरीमीटरच्या दोन भागांची पाळी पुढे २०१८ आणि २०१९ च्या सुमाराला आली.

हा बदल फुकट नव्हता. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर तापमानाला फार हळवा असतो. एक अंश इकडेतिकडे झालं की वाढ काही टक्क्यांनी हलते, म्हणून पेल्टिये कूलर लावून तापमान धरून ठेवावं लागतं. प्रकाश नसतानाही उष्णतेने डायोड पेटत राहतात, आणि न्यूट्रॉनांचा मारा बसला की हा अंधारातला गोंगाट वाढतो. एचओच्या बाबतीत जागाच मदतीला आली: आतले कॅलरीमीटर आणि कॉइल मारा झेलतात, या थरापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. हीच चिप २००९ साली बीमच्या जवळ कुठे लावा म्हटलं असतं तर मी स्वतः विरोध केला असता.

आता म्यूऑन

एकटा म्यूऑन स्वच्छ दिसायला लागल्यावर प्रश्न बदलतो. पहिल्या म्यूऑन चेंबरच्या अलीकडे एक असा थर आहे जो ‘इथून काहीतरी गेलं’ एवढं सांगू शकतो. ते ट्रिगरला सांगायचं का?

ट्रिगरची अडचण आधी नीट समजावी लागते. दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे गुच्छ एकमेकांतून जातात (यालाच मी टकर म्हणते), म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा. पहिल्या पातळीच्या ट्रिगरला त्यातून जास्तीत जास्त एक लाख निवडायचे असतात, आणि निर्णयाला मुदत सुमारे ४ मायक्रोसेकंद. प्रकाशाला फायबरमधून मीटरभर जायला ५ नॅनोसेकंद लागतात. शोधकापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या दालनापर्यंत १०० मीटर धरले तर जाण्यायेण्यातच एक मायक्रोसेकंद गेला. जे निवडलं नाही ते कायमचं गेलं, पुन्हा विचारायची सोय नाही.

मधल्या भागात, म्हणजे त्या पाच चक्रांत, म्यूऑनसाठी २५० ड्रिफ्ट-ट्यूब चेंबर आहेत, वायूच्या नळ्यांचे, चार थरांत; या थरांना स्थानकं म्हणतात. जागा आणि कोन ते फार छान सांगतात, पण वेळ सावकाश: तारेपर्यंत इलेक्ट्रॉन वाहत यायला ४०० नॅनोसेकंदांपर्यंत लागतात, म्हणजे सोळा टकरी उलटून गेल्या. कुठल्या टकरीचा म्यूऑन हे शेजारच्या तारांच्या वेळा जुळवून काढावं लागतं. वेळेसाठी जोडीला आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर) आहेत, दोन बेकेलाइट पत्र्यांमध्ये २ मिलिमीटर वायू. त्यांचा वेळ एक-दोन नॅनोसेकंदांत अचूक, जागा बेताची.

२०१६ मध्ये सीएमएसचा म्यूऑन ट्रिगर नव्याने बांधला गेला. त्याआधी ड्रिफ्ट-ट्यूब आणि आरपीसी आपापले म्यूऑन शोधायचे आणि शेवटी त्यांची यादी एकत्र व्हायची. नव्या रचनेत प्रत्येक चेंबरने टिपलेले वाटेचे कच्चे तुकडेच आधी एकत्र येतात. मधल्या भागात हे काम ट्विनमक्स नावाचं कार्ड करतं, आणि त्याच्या आखणीत ड्रिफ्ट-ट्यूब, आरपीसी यांच्याबरोबर एचओच्या संकेतांनाही दार ठेवलेलं आहे.

दार आहे म्हटल्यावर वर्गात उत्साह येतो. पहिला दावा असतो, ‘एचओने संवेग आणखी अचूक मोजता येईल, एक बिंदू वाढला ना.’ चुंबकीय क्षेत्रात वाट जितकी कमी वाकते तितका संवेग मोठा, एवढं धरून फळ्यावर हिशेब करायला लावते. ट्रिगरची नेहमीची मर्यादा घ्या, एकट्या म्यूऑनसाठी २२ जीईव्ही (जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही); संवेग याच्या वर असेल तरच म्यूऑन निवडायचा. ३.८ टेस्लामध्ये त्याच्या वाटेची त्रिज्या २२ भागिले ०.३ गुणिले ३.८, म्हणजे सुमारे १९ मीटर. सोलेनॉइडच्या काठाशी, ३ मीटरवर, सरळ वाटेपासून त्याचा कोन ३ भागिले दुप्पट त्रिज्या, सुमारे साडेचार अंश हटलेला असतो. आता ३० जीईव्ही घ्या: त्रिज्या सुमारे २६ मीटर, कोन सव्वातीन अंश. फरक सव्वा अंशाचा. टाइल ५ अंशांची! २२ आणि ३० जीईव्हीचे म्यूऑन एकाच टाइलमध्ये पडणार. संवेगाचं नाव काढू नका.

दुसरा दावा जास्त शहाणा असतो: थर वाढला की कार्यक्षमता वाढेल. इथे मला ट्रॉम्बेची आठवण करून द्यावी लागते, कारण हा दावा तिथे अगदी खरा ठरला होता. सीएमएसच्या टोकांकडच्या भागात सुरुवातीला आरपीसीचे तीनच थर बसले होते, आणि ट्रिगरला तिन्हींत खूण हवी होती. एका थराची कार्यक्षमता ९५ टक्के धरा, म्हणजे शंभरातले ९५ म्यूऑन त्याला दिसतात. तिन्ही लागायची शक्यता ०.९५ चा घन, ८५.७ टक्के. शंभरातले चौदा म्यूऑन नुसते थराच्या कमतरतेने गेले. चौथा थर घातला आणि ‘चारपैकी कुठलेही तीन’ असा नियम केला की तेच ९८.६ टक्के होतात. थर म्हातारा होऊन ९० टक्क्यांवर आला तर फरक आणखी बोलका: ७२.९ विरुद्ध ९४.८. आरई४ नावाचा हा चौथा थर एचओची दुरुस्ती चालू होती त्याच बंद काळात बसला, १४४ चेंबरांचा. वायूची पोकळी कोरियात बनली, चेंबरची जोडणी ट्रॉम्बेच्या बार्कमध्ये, चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात, बेल्जियममधल्या घेंटला आणि सर्नमध्ये.

‘मग एचओचंही तसंच होईल,’ पोरं म्हणतात. होत नाही. मधल्या भागात नियम वेगळा आहे: चार स्थानकांपैकी दोन ठिकाणी तुकडे मिळाले तरी वाट धरता येते. ९५ टक्क्यांनी चारपैकी किमान दोनची शक्यता काढा. ९९.९५ टक्के. आता एचओ घालून मिळवणार काय? टक्क्याच्या अर्ध्या दशांशासाठी कुणी तारा ओढत नाही.

एवढ्यावर प्रकरण संपलं असं अर्ध्या वर्गाला वाटतं. मला ते मुद्दाम वाटू द्यायला आवडतं. मग वसईची एक मुलगी म्हणाली, ‘पण मॅडम, सगळीकडे चार स्थानकं आहेत कुठे?’

तिथे खरी गोम आहे. पाच चक्रांच्या मध्ये फटी आहेत, सोलेनॉइडच्या नळ आणि केबलींना वर जायला योकमध्ये वाट ठेवलेली आहे, कुठे चेंबरचा एखादा भाग बंद पडलेला असतो. अशा वाटेने जाणाऱ्या म्यूऑनला दोनच स्थानकं भेटतात असं धरा. मग दोन्ही लागायला हवीत: ९०.२५ टक्के. तिथे एचओ तिसरा साक्षीदार म्हणून घेतला, त्याची कार्यक्षमता ९० टक्केच धरली आणि ‘तिघांपैकी दोन’ म्हटलं, तर ९८.८ टक्के. सरासरीत न दिसणारा लाभ अशा दुबळ्या जागांच्या खिशा-खिशांमध्ये साडेआठ टक्क्यांचा निघतो. म्हणून शोधकाच्या नकाशाशिवाय कार्यक्षमतेचा एकच आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

‘आणि’ की ‘किंवा’

लाभ मोजला, आता तोटा. एचओच्या एका टाइलमध्ये दर टकरीला खोटी खूण उठायची शक्यता एक टक्का आहे असं समजा. हा आकडा उदाहरणापुरता, पण शिकवायला सोयीचा. सेकंदाला ४ कोटी टकरी, म्हणजे एका टाइलमधून सेकंदाला चार लाख खोट्या खुणा. सगळ्या सीएमएसची मिळून परवानगी एक लाखाची! एचओ एकट्याने काही पेटवू शकत नाही, हे पहिल्या मिनिटात कळतं.

‘आणि’ लावलं, म्हणजे म्यूऑनच्या चेंबरने दाखवलेल्या दिशेच्या दोन-तीन टाइलमध्ये खूण हवीच असं म्हटलं, तर योगायोगाने जुळलेले भुताटकीचे म्यूऑन तीसएक पटीने कमी होतात. पण एचओ जिथे चुकला तिथे खरा म्यूऑनही गेला. ९० टक्के कार्यक्षमतेच्या थराला सगळीकडे ‘आणि’ लावणं म्हणजे दहा टक्के माल स्वतःच्या हाताने समुद्रात टाकणं. ‘किंवा’ लावलं, एका स्थानकाचा तुकडा अधिक एचओची खूण पुरे म्हटलं, तर वरचा साडेआठ टक्क्यांचा लाभ मिळतो, पण संवेग आता एका स्थानकातल्या वाकण्याच्या कोनावरून काढावा लागतो. तो ढोबळ. म्यूऑनांची संख्या संवेगाबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे ढोबळ मोजणीत कमी संवेगाचे पुष्कळ म्यूऑन २२ च्या वर गेल्यासारखे दिसतात. दर फुगतो तो खोट्या म्यूऑनांनी कमी आणि चुकीच्या किमतीच्या खऱ्या म्यूऑनांनी जास्त.

माझं मत: दुबळ्या खिशांमध्येच ‘किंवा’, तेही वरच्या मर्यादेवर, आणि बाकी सगळीकडे एचओला गप्प बसवायचं. दार ठेवणं योग्यच होतं, कारण फर्मवेअर नंतरही बदलता येतं. लोखंडाच्या आत तारा ओढायची संधी मात्र वर्षानुवर्षं येत नाही.

हाच उपाय टोकांकडे का नाही

जुन्या थराला नवा डोळा लावून भागत असेल तर बाकीच्यांनी इतके नवे चेंबर का बांधले, असं कुणीतरी विचारतंच. बीमच्या जवळ, टोकांकडे, ट्रिगरला साक्षीदार कमी नव्हते. कोन कमी पडत होता. योकच्या लोखंडात म्यूऑन इकडेतिकडे विखुरतो आणि मागच्या स्थानकांत मोजलेलं वाकणं भरवशाचं राहत नाही. क्षेत्राचं सगळ्यात मोठं वळण पहिल्या स्थानकाशी दिसतं. म्हणून तिथल्या जुन्या कॅथोड-स्ट्रिप चेंबरच्या पुढ्यात जीई१/१ हे नव्या प्रकारचे, जीईएम नावाचे वायूचे चेंबर आले. दोघांमधलं अंतर वापरून वळणाचा कोन जागीच मोजता येतो आणि कमी संवेगाचा म्यूऑन मोठा असल्याचा आव आणू शकत नाही. १४४ चेंबर, २०१९-२० च्या दरम्यान बसले. जोडणीच्या जागांत बार्कही होतं. ५ अंशांच्या टाइलने हे काम सात जन्मांत झालं नसतं.

एलएचसीवरच्या दुसऱ्या मोठ्या शोधकाचं, ॲटलासचं, दुखणं आणखी वेगळं होतं. एलएचसीच्या पहिल्या पर्वात त्यांच्या टोकांकडच्या म्यूऑन ट्रिगरपैकी सुमारे ९० टक्के खोटे निघाले. वाटेतल्या पदार्थात तयार झालेले कमी ऊर्जेचे कण चेंबरांच्या मागच्या मोठ्या चाकावर आदळायचे, आणि टकरीच्या बिंदूपासून आल्यासारख्या कोनात आदळायचे. पुढचं छोटं चाक कोन तपासू शकलं तर यातले बहुतेक गळतात, म्हणून सुमारे १० मीटर व्यासाची दोन नवी चाकं मायक्रोमेगास आणि एसटीजीसी या दोन प्रकारच्या वायूच्या चेंबरांनी बांधून २०२१ मध्ये बसवली. तिथेही आधी एक थर होताच. पण त्याच्याकडे ट्रिगरच्या मुदतीत एक मिलिरेडियनच्या आसपास कोन सांगायची ताकद नव्हती, आणि डोळा बदलून ती आली नसती.

पुढचं पान

२०३० च्या सुमाराला सुरू होणाऱ्या उच्च-दीप्ती, म्हणजे कितीतरी जास्त टक्कर घडवणाऱ्या, एलएचसीत हे सगळं पुन्हा मांडावं लागणार आहे. एका टकरीत प्रोटॉनांच्या १४० ते २०० जोड्या एकाच वेळी आदळतील. सीएमएसच्या पहिल्या पातळीची मुदत १२.५ मायक्रोसेकंद होईल, म्हणजे ५०० टकरींची, आणि निवडीचा दर सेकंदाला ७,५०,००० पर्यंत जाईल. मोठा बदल असा की २ जीईव्हीच्या वरच्या कणांच्या वाटा अगदी आतला ट्रॅकर, म्हणजे वाटा टिपणारा भाग, थेट ट्रिगरला देईल. संवेग एक-दोन टक्क्यांत कळला की म्यूऑन चेंबरांनी तो मोजायची गरज उरत नाही. त्यांनी फक्त ‘हा म्यूऑन आहे’ एवढं सांगून ट्रॅकरच्या वाटेशी जुळवायचं. ५ अंशांच्या टाइललाही या कामात पूर्वीपेक्षा जास्त मान आहे, कारण आता कोणी तिला संवेग विचारत नाही.

याला एक अपवाद आहे आणि वर्गातली चर्चा त्यावरच सर्वांत लांबते. काही संकल्पित कण टकरीच्या बिंदूपासून बरंच अंतर जाऊन फुटतील. त्यांचे म्यूऑन बीमच्या रेषेकडे बोट दाखवत नाहीत, ट्रॅकरचा ट्रिगर त्यांना ओळखत नाही. तिथे म्यूऑन यंत्रणेला एकटीनेच उभं राहावं लागतं, संवेगासकट. कोन वाकडा असल्यामुळे ‘चेंबरने दाखवलेल्या दिशेची टाइल’ कुठली हे ठरवणंही अवघड होतं. शेजारच्या जास्त टाइल घ्याव्यात तर योगायोग वाढतात, कमी घ्याव्यात तर म्यूऑन निसटतो.

शेवटच्या तासाला मी एक कागद देते. मधल्या भागातलं एक बाहेरचं चक्र, पहिल्या स्थानकाचा एक चेंबर बंद, म्यूऑन बीमपासून अर्धा मीटर सरकून निघालेला. एचओच्या किती टाइल धरायच्या, ‘आणि’ की ‘किंवा’, आणि एका टाइलचा गोंगाट किती झाला की हा नाद सोडायचा, हे काढून द्या. नुसतं ‘एचओ वापरावा’ असं लिहिणाऱ्याला मी निम्मेच गुण देते. ‘वापरू नये’ लिहून गोंगाटाचा आकडा देणाऱ्याला पूर्ण.